घरच्या घरी कॅट लिटर: गोळा धरणारं, वास न मारणारं (नागपूरच्या उन्हातली 5 किलोची कृती)

घरी कॅट लिटर, म्हणजे मांजराच्या संडासाच्या ट्रेमध्ये घालायचा दाणेदार माल, बनवायला बसणारे बहुतेक जण वासापासून सुरुवात करतात. कापूर घालू का, संत्र्याची सालं घालू का, सोडा किती घालू? तुम्ही सुरुवात गोळ्यापासून करा. लघवी पडल्या पडल्या घट्ट गोळ्यात अडकली आणि तो गोळा सकाळ-संध्याकाळ उचलला गेला, तर वासाचं बहुतेक काम तिथेच आटोपतं. गोळा धरला नाही, तर वरून काहीही शिंपडा, ट्रेच्या तळाशी साचलेली ओल वास मारणारच.

कारण साधं आहे. ताज्या लघवीला त्या मानाने कमी वास असतो. तिच्यात युरिया असतो. ट्रेमधले जिवाणू युरिएज नावाच्या विकराने तो फोडतात आणि अमोनिया सुटतो, डोळ्यांना झोंबतो तो हाच. त्यासाठी जिवाणूंना ओल, ऊब आणि वेळ लागतो. ऊब नागपुरात मार्च ते जून फुकट मिळते, तिचं काही करता येत नाही. हातात राहतात ओल आणि वेळ. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: माल जितका अल्कधर्मी, तितका अमोनिया हवेत जास्त सुटतो. पुढे काय घालायचं नाही याची यादी आहे, तिच्यातला चुना याच एका वाक्यामुळे बाद होतो.

1. कच्चा माल: काय मागायचं, काय परत करायचं

5 किलोसाठी लागणारं साहित्य:

- सोडियम बेंटोनाइट पावडर: 3 किलो
- लाकडाचा बारीक भुसा: 1.5 किलो
- झिओलाइट पावडर: 350 ग्रॅम
- गवार गम: 150 ग्रॅम
- पाणी: 1.6 ते 2.2 लिटर, भुसा किती कोरडा आहे त्यावर

बेंटोनाइट म्हणजे फुगणारी चिकणमाती. आपल्याकडे ती मुख्यतः गुजरातेतल्या कच्छमधून आणि राजस्थानातल्या बाडमेरकडून येते. तिचे दोन प्रकार असतात. सोडियमवाली पाण्यात कितीतरी पट फुगते आणि चिकट होते. कॅल्शियमवाली थोडीच फुगते, पाणी शोषते, पण गोळा बांधत नाही. दुकानात दोन्ही नुसत्या ‘बेंटोनाइट’ नावाने मिळतात, म्हणून ‘सोडियम बेस’ असं तोंडाने सांगून मागा.

इथे एक सापळा आहे. अर्थिंगच्या सामानाच्या दुकानात बेंटोनाइटची पोती असतात. साधं बेंटोनाइट असेल तर चालतं. पण शेजारीच ‘अर्थिंग कंपाउंड’ म्हणून काळपट पावडर ठेवलेली असते, तिच्यात ग्रॅफाइट आणि क्षार मिसळलेले असतात. ती मांजराच्या पायाखाली नको. मांजर पंजे चाटतं, त्यामुळे पंजाला लागलेलं सगळं पोटात जातं. फाउंड्रीसाठी कोळशाची भुकटी मिसळून विकलेला मालही याच कारणाने बाद.

‘आपल्याकडे काळी माती आहेच की, तीही फुगते’ हा प्रश्न विदर्भात हमखास येतो. मुद्दा खोटा नाही. उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या आणि पावसात फुगणाऱ्या काळ्या मातीत बेंटोनाइटच्याच जातीची चिकणमाती असते. पण तिच्यात कॅल्शियम जास्त असतं, चुनखडीचे खडे असतात, सेंद्रिय अंश आणि जंतू असतात. गोळा बांधण्याऐवजी चिखल होतो, पांढऱ्या टाइल्सवर पावलं उमटतात आणि चुनखडीमुळे अमोनिया उलट जास्त सुटतो. शेतातली माती शेतातच राहू द्या.

भुसा लकडगंजमधल्या आरा मशीनवर पोत्याने मिळतो. घेताना मूठभर हातात घेऊन बघा आणि हुंगा. प्लायवूड किंवा एमडीएफ कापल्याचा भुसा पिठासारखा मऊ असतो आणि त्याला झोंबणारा वास येतो. त्यात फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो, तो घेऊ नका. वाळवीचं औषध मारलेल्या लाकडाचाही नको. सागवानाचा भुसा इथे भरपूर असतो, पण सागाच्या धुळीने काही जणांच्या कातडीला खाज सुटते. दुसरा मिळत असेल तर तोच घ्या. आणलेला भुसा आधी एक दिवस उन्हात पसरा, मग 2 मिमीच्या जाळीतून चाळा.

भंडारा-गोंदियाकडच्या राइस मिलचं तूस स्वस्त पडतं म्हणून अनेक जण तेच आणतात. अख्ख्या तुसाच्या पाठीवर सिलिकाचा गुळगुळीत थर असतो, पाणी त्यावरून ओघळून जातं. चक्कीतून दळून आणलं तरच ते भुशाच्या जागी चालतं. तुसाची राख मात्र घेऊ नका. जास्त तापमानाला जळलेल्या राखेत स्फटिकरूप सिलिका असू शकते आणि तिची धूळ फुप्फुसांना घातक असते.

गवार गम, म्हणजे गवारीच्या बियांची चिकट होणारी पावडर, आइस्क्रीम आणि बेकरीचं साहित्य विकणाऱ्या दुकानात मिळतो, इतवारीत विचारा. खाण्याच्या दर्जाचाच घ्या. झिओलाइट मत्स्यशेतीच्या औषधांच्या दुकानात मिळतं. तळ्यातला अमोनिया धरायला मासेवाले तेच वापरतात, आपल्यालाही त्याच कामासाठी हवं आहे. बेंटोनाइट मुळात थोडं अल्कधर्मी असतं, त्याची भरपाई झिओलाइट करतं.

2. हत्यारं

गवंडीकामाचं मोठं घमेलं, झाडांवर मारायची स्प्रेची बाटली, 1 ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा, गव्हाची आणि रव्याची अशा दोन चाळण्या (पुन्हा स्वयंपाकघरात न्यायच्या नाहीत), ताडपत्री, जुनी सुती साडी आणि एन-95 मास्क. मास्कला पर्याय म्हणून रुमाल बांधू नका. बेंटोनाइटच्या धुळीत सिलिका असते आणि तिचे सूक्ष्म कण रुमालातून आत जातात. सगळं काम गच्चीवर किंवा अंगणात करा, मांजर घरात बंद ठेवून.

पाणी शक्यतो नळाचं किंवा आरओचं वापरा. बोअरवेलचं जड पाणी नको. त्यातलं कॅल्शियम बेंटोनाइटमधल्या सोडियमची जागा घेतं आणि फुगण्याची ताकद घटते.

3. पोतं घेण्याआधी चाचणी

पाव किलो नमुना मागून आणा. प्रयोगशाळेच्या साहित्याच्या दुकानातून 100 मिलीचं मोजपात्र घ्या, त्यात इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर भरा. 2 ग्रॅम पावडर मोजा आणि चिमटी-चिमटीने वरून सोडा. आधीची चिमटी बुडाल्याशिवाय पुढची टाकायची नाही, याला अर्धा-पाऊण तास लागतो. एकदम ओतली तर वर गुठळी तरंगते आणि चाचणी वाया जाते. दुसऱ्या दिवशी तळाचा फुगलेला थर बघा. 24 मिलीच्या आसपास किंवा वर असेल तर माल उत्तम सोडियमचा. 10 मिलीच्या खाली असेल तर कॅल्शियमचा, परत करा. मधलं काही आलं तर गोळा धरेल, पण लेचापेचा.

गवार गमची चाचणी दोन मिनिटांची. ग्लासभर पाण्यात अर्धा चमचा भुरभुरत ढवळा. दहा मिनिटांत पाणी घट्ट झालं नाही तर गम जुना आहे.

4. दाणे वळणे

सगळा खेळ या पायरीवर आहे. 5 किलो एकदम करू नका, घमेल्यात 1 किलोचा घाणा बसतो. एका घाण्याचं माप: भुसा 300 ग्रॅम, बेंटोनाइट 540 ग्रॅम, झिओलाइट 70 ग्रॅम. वरच्या थरासाठी 60 ग्रॅम बेंटोनाइट आणि 30 ग्रॅम गवार गम वेगळ्या भांड्यात मिसळून, झाकून कोरडं ठेवा.

रीत संक्रांतीच्या हलव्याची आहे. तिथे तिळावर पाक चढतो, इथे भुशाच्या कणावर माती चढवायची.

आधी घमेल्यात फक्त भुसा घ्या आणि सुमारे 130 मिली पाणी फवारून हाताने खालीवर करा. मुठीत दाबल्यावर ओलसर लागला पाहिजे, पाणी टपकता कामा नये. दहा मिनिटं झाकून ठेवा म्हणजे ओल आतपर्यंत जाते. मग बेंटोनाइट आणि झिओलाइटचं कोरडं मिश्रण मूठभर पसरा आणि घमेलं दोन्ही हातांनी गोल फिरवत हलवा. कण पांढुरके झाले की एक-दोन फवारे मारा, पुन्हा मूठभर मिश्रण, पुन्हा फिरवणं. घमेलं फिरत असताना आवाजाकडे लक्ष द्या. सुरुवातीला पिठासारखी सरसर असते, दाणे वळायला लागले की तिची खळखळ होते. तो बदल ऐकू आला की फवारा निम्म्यावर आणा.

एका घाण्याला एकूण 320 ते 440 मिली पाणी लागतं. मोजून बाटलीत भरा, म्हणजे किती गेलं ते कळतं. पाणी कधीही ओतायचं नाही. बेंटोनाइटवर पाण्याची धार पडली की बाहेरून चिकट साय धरते, आत कोरडं पीठ राहतं आणि ती गुठळी फुटता फुटत नाही. तसं झालंच तर तेवढी गुठळी काढून उन्हात वाळवा आणि कुटून पुढच्या घाण्यात वापरा.

ज्वारीच्या दाण्याएवढे, म्हणजे 1 ते 4 मिमीचे दाणे झाले की थांबा. हाव धरून मोठे करू नका. मोठ्या दाण्यांमधल्या फटीतून लघवी सरळ तळाला जाते आणि गोळा ट्रेला चिकटतो.

5. वरचा थर

वळलेले दाणे 15-20 मिनिटं तसेच राहू द्या. पृष्ठभागावरची चमक गेली पाहिजे, पण हाताला ओल जाणवली पाहिजे. आता गवार गम आणि बेंटोनाइटचं राखून ठेवलेलं मिश्रण भुरभुरत घमेलं फिरवा. यानंतर एक थेंबही पाणी नाही.

गम सुरुवातीलाच सगळ्यात का मिसळत नाहीत? दाणा दाण्याला चिकटतो तो पृष्ठभागावर. आत गेलेला गम वळतानाच भिजतो, दाण्याच्या पोटात वाळून बसतो आणि लघवी पडते तेव्हा कामाला येत नाही. तेवढाच गम वर असेल तर गोळा वेगळाच बनतो. ‘गम वाढवला तरी गोळा फुटतो’ अशी ज्यांची तक्रार असते, त्यांचं बहुधा इथेच चुकलेलं असतं.

6. वाळवणे

ताडपत्रीवर दीड-दोन सेंटिमीटर जाडीचा थर पसरा. पहिले दोन तास हात लावू नका, वरचा थर बसू द्या, मग हलक्या हाताने परता. एप्रिल-मेच्या उन्हात एक दिवस पुरतो. वारा सुटला की धूळ आणि पालापाचोळा येतो, म्हणून वर सुती साडी ताणून बांधा. थंडीत दोन-तीन दिवस लागतात, आणि संध्याकाळी माल आत घ्यावा लागतो, नाहीतर रात्रीचं दव सगळं परत ओलं करतं. पावसाळ्यात बनवूच नका. जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सप्टेंबरअखेरचा साठा करून हवाबंद डब्यांत भरा.

पुरतं वाळलं का, हे हाताला कळत नाही. वर कोरडा लागणारा दाणा आत ओला असतो. काचेच्या बरणीत अर्धी बरणी दाणे घाला, झाकण घट्ट लावा आणि तासभर उन्हात ठेवा. आतून काचेवर वाफेचे थेंब जमले तर आणखी एक दिवस वाळवा. या चाचणीला फाटा दिला तर डब्यात बुरशी धरते, आणि भुशाची बुरशी लागलेला माल टाकण्याशिवाय गत्यंतर नसतं.

7. चाळणे

गव्हाच्या चाळणीवर राहिलेले मोठे दाणे हलके चेचून पुन्हा चाळा. रव्याच्या चाळणीतून खाली पडलेली भुकटी पुढच्या घाण्याला ठेवा. भुकटी मालात राहिली तर मांजर उकरताना धूळ उडते आणि घरभर पावलं उमटतात.

8. ट्रेमध्ये घालण्याआधी गोळ्याची चाचणी

साध्या पाण्याने तपासू नका. बेंटोनाइट साध्या पाण्यात जास्त फुगतं, खारट लघवीत कमी. पाव लिटर पाण्यात 1 चमचा मीठ विरघळवा. वाडग्यात 5 सेंमी थर घेऊन औषधाच्या सिरिंजने 10 मिली एकाच जागी सोडा. 15 मिनिटांनी गोळा उचला आणि वीतभर उंचीवरून वर्तमानपत्रावर टाका. चार-दोन दाणे सुटले तर हरकत नाही. दोन तुकडे झाले तर गडबड आहे.

- गोळा फुटतो: वरचा थर कमी पडला, किंवा बेंटोनाइट कॅल्शियमचं आहे.
- गोळा पसरट होऊन तळाला टेकतो: दाणे मोठे आहेत, नाहीतर थर पातळ आहे.
- गोळा बुळबुळीत, शेंबडासारखा: गम जास्त झाला. 3 टक्क्यांच्या फार वर जाऊ नका, मग तो पंजालाही चिकटतो.
- दाणे बोटाने दाबताच पीठ होतात: वळताना पाणी कमी पडलं.

9. काय घालायचं नाही

संत्र्याची सालं. नागपुरात हिवाळ्यात ती घरोघरी निघतात, त्यामुळे मोह होतोच. पण लिंबूवर्गी वास बहुतेक मांजरांना नकोसा असतो आणि सालीतलं तेल त्यांना अपायकारक असतं. मांजर ट्रे सोडून तुमच्या गादीवर जाईल, तेव्हा दोष मांजराला देऊ नका.

फिनाईल, कापूर, डांबरगोळ्या, अत्तर, सुगंधी तेलं. माणसाचं यकृत फिनॉलसारखी रसायनं ज्या रीतीने निरुपद्रवी करतं, ती क्षमता मांजराच्या यकृतात फार तोकडी आहे. आपल्याला स्वच्छ वाटणारा वास मांजरासाठी विष ठरू शकतो.

चुना. ‘चुन्याने वास मरतो’ हा समज जुना आहे, पण लघवीच्या बाबतीत उलटं होतं. चुना कडक अल्कधर्मी, त्यामुळे अमोनिया सुटायचा वेग वाढतो, वर पंजे भाजतात.

जिप्सम. अमोनिया धरायला ते चांगलं, पण त्यातलं कॅल्शियम सोडियम बेंटोनाइटला निष्प्रभ करतं. गोळ्याच्या बदल्यात वास घालवण्याचा हा सौदा तोट्याचा आहे.

खाण्याचा सोडा आणि सायट्रिक ॲसिड एकत्र. ओल लागताच दोघं एकमेकांना संपवतात, नुसता फेस येतो. सोडा एकटा आम्लधर्मी वासांवर चालतो, अमोनियावर नाही, तेव्हा या कृतीत त्याची गरज नाही.

कोळशाबद्दल विचारणा बरीच होते. ॲक्टिव्हेटेड चारकोल नर मांजराच्या उग्र वासावर उपयोगी पडतो, अमोनियावर फारसा नाही. घालायचाच तर 5 किलोला 50 ग्रॅम, आणि काळ्या पावलांची तयारी ठेवा. इस्त्रीवाल्याकडचा कोळसा कुटून घातला तर फक्त काळी पावलं मिळतात.

10. ट्रेमध्ये वापरताना

थर 5 ते 7 सेंमी ठेवा. नवा माल एकदम बदलू नका. जुन्यात चौथाई नवा मिसळा आणि आठ-दहा दिवसांत प्रमाण वाढवा. गोळे सकाळ-संध्याकाळ काढा, तेवढाच नवा माल वर घाला. एका मांजराला तीन-चार आठवड्यांनी सगळा माल बदलून ट्रे साबणाने धुवा. ब्लीच वापरू नका, लघवीच्या अमोनियाशी त्याचा संयोग झाला की क्लोरामाइनचा विषारी धूर निघतो.

उन्हाळ्यात ट्रे कुलरच्या हवेत ठेवू नका. मांजराला तिथे गार वाटतं म्हणून लोक नेमके तिथेच ठेवतात. कुलरची हवा दमट असते, त्यामुळे दाणे दिवसभर ओल ओढतात, वरचा गम आधीच मऊ पडतो आणि जिवाणूंना हवं ते सगळं एका जागी मिळतं. कुलर असलेल्या खोलीतच ठेवावा लागत असेल तर झोताच्या मागच्या बाजूला ठेवा.

चार महिन्यांखालच्या पिल्लांना गोळा धरणारा माल देऊ नका. ती तोंडात घालतात आणि तो आतड्यात फुगू शकतो. तोवर नुसता चाळलेला भुसा द्या.

रोज निघणाऱ्या गोळ्यांच्या आकाराकडे लक्ष ठेवा. गोळे अचानक मोठे किंवा जास्त व्हायला लागले तर मधुमेह किंवा मूत्रपिंडाची तपासणी करून घ्या. नर मांजर वारंवार ट्रेमध्ये बसतंय आणि गोळा मात्र निघत नाही किंवा बोराएवढाच निघतो, तर लघवी अडकलेली असू शकते. तिथे दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही, जवळच्या पशुवैद्याकडे किंवा सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात लगेच न्या.

11. गोळे टाकायचे कुठे

संडासात नाही. बेंटोनाइट पाइपमध्ये फुगतं आणि चेंबर तुंबतं. नाल्यात नाही, भाजीच्या कुंड्यांत किंवा खतातही नाही. मांजराच्या विष्ठेत टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची अंडी असू शकतात. बाहेर पडल्यावर एक ते पाच दिवसांत ती संसर्गक्षम होतात, म्हणून रोज काढण्याला महत्त्व. हे काम गरोदर बाईने करू नये. दुसरं कोणीच नसेल तर हातमोजे आणि मास्क घालून करावं, नंतर साबणाने हात धुवावेत. गोळे वर्तमानपत्रात गुंडाळा, ओल्या कचऱ्यात न मिसळता वेगळे बांधा आणि कचरागाडीवाल्याच्या हातात देताना आत काय आहे ते सांगा.